प्राध्यापकांचीही तालीम सुरूच असते

नेट किंवा सेट पास झाली, कॉलेजात सहायक प्राध्यापकाची नोकरी लागली, की घरच्यांना वाटतं, चला, शिक्षण संपलं. पण पुढची बढतीसुद्धा शिकण्यावरच अवलंबून असते.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे पहिल्या बढतीसाठी पीएचडी असेल तर 4 वर्षं, एमफिल असेल तर 5 आणि दोन्ही नसतील तर 6 वर्षं नोकरी झालेली लागते. इतर अटींबरोबर 21 दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स हवाच. शिवाय रिफ्रेशर, संशोधन पद्धती किंवा 'स्वयम्'सारखा ऑनलाइन कोर्स, यांपैकी एखादा. वर्षं भरली पण प्रमाणपत्र नाही, तर बढती अडते आणि वरचा पगारही लांबतो.

हे कोर्स घेणारी केंद्रं पूर्वी अकॅडमिक स्टाफ कॉलेज म्हणून ओळखली जात. आता ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं झाली आहेत. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठातही असं केंद्र आहे.

एकवीस दिवस घर सोडणं आपल्या लेकी-सुनांना अवघड जायचं. आता बरेच कोर्स ऑनलाइन होतात. मात्र ऑनलाइन म्हणजे सवडीनं नव्हे, ठरल्या वेळी हजेरी लागते. म्हणून सून लॅपटॉपसमोर बसली असेल तर ती रिकामी आहे असं समजू नका. तेवढे दिवस चूल आणि मुलं दुसऱ्या कुणीतरी सांभाळावीत.

आणि एक, नेमणूकपत्र आणि प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून एकाच फाइलीत ठेवा. बढतीच्या वेळी तीच कामी येते.