तेलाचा हिस्सा आणि आपली शिरकत

तेंदूपत्त्याचा लॉट घेताना पान हाती येण्याआधीच पैसा अडकतो, हे गोंदियाच्या व्यापाऱ्यांना आम्ही सांगायला नको. तेलशोधाचा धंदाही तसाच जोखमीचा. आंध्रच्या किनाऱ्याजवळ, समुद्रातील रव्वा तेलक्षेत्राचा करार १९९४ साली झाला. त्यात ओएनजीसीचा हिस्सा ४० टक्के, औरंगाबादच्या धूत बंधूंच्या व्हिडिओकॉनचा २५, ऑस्ट्रेलियाच्या छोट्या कमांड पेट्रोलियमचा २२.५ आणि रव्वा ऑइलचा १२.५ होता. क्षेत्र चालविण्याचे काम कमांडकडे आले. १९९६ साली स्कॉटलंडच्या केर्न एनर्जीने ही कमांडच विकत घेतली. पुढे रव्वाचे रोजचे उत्पादन सुमारे ५० हजार पिंपांवर गेले.

येथे विकले काय गेले? समुद्राखालचे तेल नव्हे, ते देशाचे. हात बदलला तो करारातील हिस्सा आणि काम चालविण्याचा अधिकार. इतर भागीदारांचे हिस्से हलले नाहीत, कारण टक्केवारी कागदावर होती.

आपल्याकडे मात्र भावाभावांची, दोस्तांची भागीदारी तोंडीच चालते. एकाचा इंतकाल झाला की वारसांत तंटा उभा राहतो. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार साक्षीदार ठेवून लिहिण्याचा हुकूम आहे. शिरकतीतही हीच शिस्त पाळावी. कोणाचा हिस्सा किती, तोटा कसा वाटायचा आणि बाहेर पडणाऱ्याचा हिशेब कसा करायचा, हे संबंध गोड असतानाच लिहून घ्यावे, असे आम्ही सुचवितो.