मनाची इशारा-पातळी

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा-पातळी, ४३ फुटांवर धोका-पातळी. पावसाळ्यात शिवाजी पेठेत हे आकडे घरोघर बोलले जातात. मनाची पातळी मात्र आपण सहसा पाहत नाही.

ताण हा मुळात शत्रू नव्हे. संकट दिसताच मूत्रपिंडांवरील ग्रंथी रक्तात अॅड्रिनॅलिन सोडतात. नाडी जलद होते, स्नायू आवळतात, शरीर लढावयास किंवा पळावयास सिद्ध होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत याच शक्तीने पुष्कळांना तारले. परंतु कर्ज, मुलांची परीक्षा, धंद्यातील मंदी यांच्याशी दोन हात करता येत नाहीत आणि त्यांच्यापासून पळताही येत नाही. मग पाणी चढते, ओसरत नाही. कारण कोणतेही असो, लांबलेल्या ताणाने शरीर सारख्याच रीतीने खचते, असे हान्स सेली यांनी १९३६ पासून प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले.

झोप मोडणे, क्षुल्लक कारणावरून घरच्यांवर ओरडणे, अन्न गोड न लागणे, हा इशारा होय. तेव्हा रंकाळ्याकाठी भरभर चालावे, वेळेवर निजावे, आणि मुख्य म्हणजे विश्वासाच्या माणसापाशी मन मोकळे करावे. दोन आठवड्यांतही उतार न पडला, तर डॉक्टरांकडे जावे. २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

इशारा मिळताच घर सोडणाऱ्यास कोणी भित्रा म्हणत नाही. मनाचा इशारा ओळखून मदत मागणाऱ्यास तरी का म्हणावे?