विश्लेषण : वर्गात गप्प बसणारे मूल रेकॉर्डिंगमध्ये का बोलते?

चित्राभोवती आवाज नोंदवणारी आणि व्हिडीओतून उत्तरे मागणारी ऑनलाइन साधने शिक्षकांच्या ओळखीची झाली आहेत. त्यातून मुले बोलूही लागतात. प्रश्न पुढचा आहे: त्यांचे ऐकते कोण?

शिक्षकांनी प्रश्न विचारला की वर्गात नेहमीचेच चार-पाच हात वर होतात. बाकीच्यांना काही सांगायचे नसते असे नाही, त्यांना वेळ मिळत नाही. अमेरिकेतील विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गातील संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. ही वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरे लांबत गेली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. घरी एक बोली आणि पुस्तकात दुसरी भाषा असलेल्या मुलाला तर एका सेकंदात वाक्य जुळवणे अवघडच. रेकॉर्डिंगचे बटण त्याला हवा तेवढा वेळ देते. चुकले तर पुसून पुन्हा बोलता येते आणि समोर हसणारे कोणी नसते.

ही साधने नेमके काय करतात?

व्हॉइसथ्रेड हे यातले एक जुने साधन, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात आकाराला आलेले. पडद्याच्या मध्यभागी एखादे चित्र, नकाशा किंवा व्हिडीओ असतो. त्यावर प्रत्येक जण आवाजात, लिहून किंवा कॅमेऱ्यासमोर बोलून आपले म्हणणे नोंदवतो. बोलता बोलता चित्रावर रेघ ओढून ‘हे बघा, इथे’ असे दाखवताही येते.

समजा, चौथीच्या वर्गापुढे आठवडी बाजाराचा फोटो ठेवला. एक मूल वजनकाट्यावर बोलेल, दुसरे पालांच्या रंगांवर. ज्याच्या घरचे भाजीचे दुकान लावतात तो सांगेल की संध्याकाळी भाव का उतरतो. हे उत्तर पुस्तकात नाही आणि कदाचित बाईंनाही माहीत नसेल. त्याचे ऐकून दुसऱ्याला प्रश्न पडतो, तोही तिथेच नोंदवला जातो. सहकार्याने शिकणे म्हणतात ते हेच. यात एक सोय फार कामाची आहे. शिक्षकांनी मान्यता देईपर्यंत नोंदी इतरांना दिसू नयेत, अशी व्यवस्था ठेवता येते. सगळ्यांचे बोलून झाल्यावरच त्या खुल्या केल्या, तर पहिल्या हुशार मुलाच्या उत्तराची नक्कल होत नाही.

पॅडलेट म्हणजे ऑनलाइन भिंत. त्यावर मजकूर, फोटो, आवाज काहीही चिकटवता येते. शाळांतल्या क्यूआर कोडशी मात्र या साधनांची गल्लत करू नये. पाठ्यपुस्तकातला कोड स्कॅन केला की मुलाला काही ऐकायला, पाहायला मिळते. ते उपयोगाचे आहेच. पण बोलणारे तिथे मोठेच असतात.

मूल बोलले, पुढे काय?

खरी अडचण इथे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतील १२वे कलम मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देते. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. या कलमाचा अर्थ उलगडताना बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील लॉरा लुंडी यांनी २००७ मध्ये चार गोष्टी मांडल्या : बोलायला जागा, बोलण्यास मदत, ऐकणारा श्रोता आणि त्या बोलण्याचा निर्णयावर परिणाम. नुसता आवाज पुरेसा नाही, हा त्यांचा मुद्दा.

ऑनलाइन साधन यातल्या पहिल्या दोन गोष्टी देते. उरलेल्या दोन शाळेलाच द्याव्या लागतात. मुलांनी शाळेच्या स्वच्छतागृहातील नळाबद्दल तीस नोंदी केल्या आणि त्या गुणपत्रिकेसाठी ‘उपक्रम’ म्हणून फाइलला लागल्या, तर पुढच्या वेळी मुले मनापासून बोलणार नाहीत. त्यांना ते लगेच कळते. त्याच नोंदी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ऐकवल्या तर गोष्ट वेगळी. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. काय ठरले आणि काय जमणार नाही, हे मुलांना परत येऊन सांगणेही तितकेच गरजेचे. ‘यंदा निधी नाही’ हेसुद्धा उत्तरच आहे.

शाळेत एकच फोन असेल तर?

तरी चालते. ‘असर’च्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भागात १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण घरात असणे आणि मुलाच्या हाती असणे यात फरक असतो, त्यातही मुलीच्या. म्हणून रेकॉर्डिंग गृहपाठ म्हणून न देता शाळेतच, शिक्षकांच्या फोनवर, चार-चारच्या गटाने करावे. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेजही पुरतो. गट कोपऱ्यात किंवा झाडाखाली जाऊन बोलला की मागचा गोंगाटही कमी होतो.

जपायचे काय?

मुलाचा आवाज आणि चेहरा ही त्याची वैयक्तिक माहिती आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला मूल मानले असून, तिची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे. शाळेचे कौतुक व्हावे म्हणून असे व्हिडीओ सर्रास समाजमाध्यमांवर टाकले जातात. ही सवय मोडायला हवी. दुव्यावर पासवर्ड असावा आणि मुलाचे पूर्ण नाव नसावे.

शिवाय साधने कायमची नसतात. मिनेसोटा विद्यापीठातून निघालेले फ्लिपग्रिड मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये घेतले, मोफत केले, पुढे त्याचे नाव ‘फ्लिप’ झाले आणि २०२४ मध्ये त्याचे स्वतंत्र ॲप बंद झाले. गुगलचा जॅमबोर्डही त्याच वर्षअखेरीस बंद पडला. मुलांच्या नोंदी दर सत्राच्या शेवटी उतरवून शाळेच्या पेनड्राइव्हवर ठेवाव्यात. शिक्षकांची बदली झाली तर तो पेनड्राइव्ह दप्तरासोबत नव्या शिक्षकांच्या हाती द्यावा आणि शाळा सोडणाऱ्या मुलाला त्याची नोंद हवी असेल तर तीही द्यावी.