गाव बदलताय? पाट्या, पेंटिंग, हस्तकला करणाऱ्यांनी सामान बांधण्याआधी हे वाचा



गेल्या वर्षी मे महिन्यात आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. ताई कोल्हापूरच्या. घरातूनच लाकडी नावाच्या पाट्या हाताने रंगवतात. चार वर्षांत छान बस्तान बसलं होतं. मिस्टरांची बदली गोव्याला झाली आणि महिन्याभरात मडगावला जायचं ठरलं. त्यांचा प्रश्न एकच, "सर, आता परत शून्यापासून सुरू करायचं का?"

मी म्हटलं, शून्यापासून सुरू करायची वेळ आपणच आपल्यावर आणतो. मी स्वतः आणली होती. २०१९ मध्ये फ्रेम आणि गिफ्टचं दुकान कराडहून पुण्याला आणलं, तेव्हा हौसेने नवीन नंबर घेतला आणि जुनं सिम ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. चार महिन्यांनी कराडला एक काका भेटले. म्हणाले, "अहो, तुम्ही दुकान बंद केलंत ना? मुलीच्या लग्नाचे चाळीस गिफ्ट दुसरीकडून घेतले." बीबीएला मार्केटिंगचे पेपर मी चांगल्या मार्कांनी सोडवले होते, पण हा पेपर चाळीस गिफ्टला पडला.

म्हणून पहिली गोष्ट, नंबर बदलायचा नाही. गूगलवर तुमचं बिझनेस प्रोफाइल असेल तर नवीन उघडू नका, आहे त्यातच पत्ता बदला. जुने रिव्ह्यू तिथेच राहतात. घरातून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. आणि जुन्या ग्राहकांना एक साधा मेसेज टाका: "आम्ही मडगावला आलोय, ऑर्डर पूर्वीसारख्याच घेतो, कुरिअरने घरपोच." जुनं गाव हेच पहिल्या सहा महिन्यांचं उत्पन्न असतं. नवीन गावात ओळख व्हायला तेवढा वेळ लागतोच.

पण इथे हिशोब बदलतो, आणि बरेच कलाकार तो करत नाहीत. ताईंची पाटी १२०० रुपयांची. लाकूड, रंग, वॉर्निश मिळून ३८० जायचे, हातात ८२० राहायचे. कोल्हापुरात ग्राहक स्वतः येऊन पाटी न्यायचा. मडगावहून पाठवताना कुरिअरचे १८० आणि बबल रॅप, खोका, कोपऱ्यांचा पुठ्ठा असे ६० धरले. आता राहिले ५८०. एका पाटीला चार तास लागतात, म्हणजे तासाला २०५ मिळत होते ते १४५ झाले. काम तेवढंच, कमाई मात्र जवळपास तीस टक्के कमी! ताईंनी भाव १३५० केला आणि कुरिअरचे १०० वेगळे लावले. दोन-तीन जण कुरकुरले, बाकीच्यांनी काही म्हटलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. हा नीट वाचा, कारण इथे चूक झाली तर पैशात मोजावी लागते. ताईंची वर्षाची उलाढाल चार लाखांच्या आसपास, त्यामुळे कोल्हापुरात जीएसटीचा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण ही सूट राज्याच्या आत विकणाऱ्याला आहे. वस्तू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकली की उलाढाल कितीही लहान असो, सर्वसाधारणपणे नोंदणी घ्यावी लागते. म्हणजे ताई आंबोलीचा घाट उतरून गोव्यात गेल्या आणि त्यांचे जुने कोल्हापूरचे ग्राहक एका रात्रीत 'परराज्यातले' झाले. बांद्याचा ग्राहकसुद्धा!

याला एक अपवाद आहे. सरकारने ठरवलेल्या यादीतल्या हस्तकला वस्तूंना २० लाखांपर्यंत या नोंदणीतून सूट मिळते. त्यासाठी पॅन लागतं आणि राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला रक्कम कितीही कमी असली तरी ई-वे बिल काढावं लागतं. तुमची वस्तू त्या यादीत बसते का, हे सीएकडूनच तपासून घ्या. "हाताने केलंय म्हणजे हस्तकला" असं स्वतःच ठरवू नका.

ज्यांच्याकडे आधीच जीएसटी आहे त्यांच्यासाठी: नंबर राज्यानुसार असतो. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने. राज्यातल्या राज्यात जागा बदलली तर १५ दिवसांत पत्ताबदलाचा अर्ज करायचा. राज्य बदललं तर नवीन नोंदणी, आणि जुनी रद्द करून शेवटचं रिटर्न भरायचं. कंपोझिशन योजनेत असाल तर राज्याबाहेर वस्तू विकताच येत नाही, हे लक्षात ठेवा.

ताईंनी गोव्यात नोंदणीच घेतली, कारण त्यांना ऑनलाइन बाजारात देशभर विकायचं होतं. भाड्याच्या घरात नोंदणी करायची तर भाडेकरार, वीजबिल आणि बहुतेक वेळा मालकाची संमती लागते. डिपॉझिट देण्याआधी घरमालकाला स्पष्ट विचारा, "इथून व्यवसायाची नोंदणी करू देणार का?" नंतर विचारलं की लोक घाबरतात.

उद्यमचं मात्र सोपं आहे. नंबर एकच राहतो, सरकारी पोर्टलवर माहिती फुकटात बदलता येते. कोणी "नवीन राज्याचं नवीन उद्यम" म्हणून पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. शॉप अ‍ॅक्ट प्रत्येक राज्याचा वेगळा, तो तिथल्या नियमाने.

हे झालं कागदांचं. खरी परीक्षा घेतली ती पावसाने. ताई जूनमध्ये पोचल्या आणि पहिल्या चार पाट्यांचं एमडीएफ दमट हवेने फुगलं. वॉर्निशचा हात सुकायला कोल्हापूरपेक्षा दुप्पट वेळ. चारही पाट्या परत कराव्या लागल्या. आता त्या सागवान किंवा पाण्यात टिकणारा बीडब्ल्यूपी प्लाय वापरतात, आणि पावसाळ्यात डिलिव्हरीची तारीख आठवडाभर पुढची देतात. तुम्ही कोकणात किंवा गोव्यात जाणार असाल तर आधी दोन नमुने तिथे करून बघा, मगच ऑर्डर घ्या. कागदावर काम करणाऱ्यांनी तर बुरशीचा विचार आधीच करावा.

बाजारही वेगळा. गोव्यात घरांवर आझुलेजो टाइलवर रंगवलेली नावं दिसतात, पणजीच्या फोंतेन्हास भागात फिरलात तर लगेच कळेल. त्या टाइलशी भावात भांडण्यापेक्षा ताईंनी देवनागरी अक्षर हीच ओळख धरून ठेवली आणि चवथीच्या आधी मराठी-कोंकणी घरांत विचारपूस सुरू केली. कोल्हापुरात त्यांचा सीझन दिवाळीचा होता, इथे तो चवथीला आला. पर्यटकांचा सीझन ऑक्टोबरनंतर, तो आणखी वेगळा.

एक काम त्यांनी माझं ऐकून केलं. सामान हलवायच्या आधी दहा दिवस आणि नंतर दहा दिवस एकही डिलिव्हरीची तारीख दिली नाही. निघण्यापूर्वी बारा फळ्या घासून, प्रायमर मारून तयार ठेवल्या (हो, त्यातल्याच चार फुगल्या). आणि तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे धंद्याच्या खात्यात न ठेवता बाजूला काढले. त्यातले दोन महिन्यांचे वापरावे लागले.

परवा बोलणं झालं तेव्हा दहापैकी सहा ऑर्डर अजून कोल्हापूर-सांगलीच्याच होत्या. चार गोव्याच्या. लाकडाच्या वस्तू कुरिअरमध्ये कोपरे न फुटता कशा पाठवायच्या, ते ताईंनीच करून दाखवलंय. पुढच्या रविवारच्या व्हिडिओत बघा, आणि तुमचा खोका जवळ घेऊन बसा.