‘भरायला थांबले’ की ‘भरायचे थांबले’?



मागे एकदा शुक्रवारचा वर्ग सुटल्यावर एका पालकांनी आम्हाला सरळच विचारले, “मुलांना पुढे नोकरी मिळणार ती इंग्रजीच्या जोरावर. मग सुट्टीचा दिवस मराठी व्याकरणात घालवून फायदा काय?” प्रश्न रास्त आहे. आम्हीही शाळेत व्याकरणाच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसणाऱ्यांपैकीच. पण या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आमच्याच एका चुकीने शिकवले. ती चूक पुढे सांगतो. आधी थोडी तयारी करू.

आपण राहतो ते गाव परदेश व्यापाराचेच आहे. १ मे १९३९ रोजी राजे अब्दुल अझीझ यांनी रास तनुरा येथे झडप उघडली आणि ‘डी. जी. स्कोफील्ड’ या जहाजात तेल चढू लागले. टँकरने झालेली सौदी तेलाची ही पहिली निर्यात. तेव्हापासून येथे जे शब्द रोज कानावर पडतात ते पाहा : लोडिंग म्हणजे माल चढवणे, बर्थिंग म्हणजे जहाज धक्क्याला लावणे, मूरिंग म्हणजे ते दोरखंडांनी बांधणे, शिपिंग म्हणजे माल जहाजाने पाठवणे, इनव्हॉइसिंग म्हणजे बिल करणे. इंग्रजीत सगळ्यांच्या शेवटी ‘इंग’ आणि मराठीत सगळ्यांच्या शेवटी ‘णे’!

क्रियापदाच्या धातूपासून बनलेल्या आणि नामाचे काम करणाऱ्या अशा शब्दाला मराठीत धातुसाधित नाम म्हणतात, इंग्रजीत जेरंड. मात्र प्रत्येक ‘इंग’ म्हणजे जेरंड नव्हे. ‘दे आर लोडिंग द शिप’ म्हणजे ‘ते जहाज भरत आहेत’. येथे लोडिंग हे क्रियापदाचा भाग आहे. ‘लोडिंग टेक्स टाइम’ म्हणजे ‘भरण्याला वेळ लागतो’. येथे ते नाम आहे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच रूप, पण मराठीत ‘भरत’ आणि ‘भरणे’ ही रूपे निराळी. ज्याला मराठी येते त्याला फरक आपोआप दिसतो.

आता पत्रातला पहिला नियम. व्यापारी पत्राच्या शेवटी लिहितात, ‘वुई लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’. आपल्यापैकी पुष्कळजण ‘टू हिअर’ लिहितात, कारण ‘टू’ पुढे मूळ क्रियापद येते असे शाळेत घोकलेले असते. पण हा ‘टू’ वेगळा आहे. ओळखायची युक्ती अशी : त्याच्यापुढे साधे नाम ठेवून पाहा. ‘लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ बरोबर वाटते ना? मग तेथे क्रियापदही नाम होऊनच येणार, म्हणजे ‘इंग’ लावून येणार. मराठीत हेच घडते. ‘उत्तराची वाट पाहतो’ म्हणताना नामाला ‘ची’ लागते. क्रियापद आणायचे तर ‘उत्तर येण्याची वाट पाहतो’. ‘येणे’चे सामान्यरूप ‘येण्या’ झाले, आणि पुढे तोच ‘ची’. म्हणजे मराठीत जेथे ‘ण्या’ला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडतो, तेथे इंग्रजीत पुष्कळदा शब्दयोगी अव्ययापुढे ‘इंग’ येते : भरण्यापूर्वी – बिफोर लोडिंग, भरण्याबद्दल – अबाउट लोडिंग.

आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी आम्ही जहाज भरण्याच्या नोंदींचा एक प्रोग्रॅम लिहिला. नोंद झाली की ठराविक वाक्याचा निरोप आपोआप जाई. एका रात्री वारा वाढला आणि भरणे मध्येच थांबवावे लागले. निरोप गेला : ‘व्हेसल स्टॉप्ड टू लोड’. आम्हाला म्हणायचे होते, भरायचे थांबले. वाक्याचा अर्थ होत होता, जहाज भरायला थांबले! दूर बसलेल्या माणसाने भरणे तेव्हा सुरू झाले असे धरले. तेथे हवे होते ‘स्टॉप्ड लोडिंग’.

एवढ्याने काय बिघडते? टँकरच्या भाडेकरारात माल चढवायला आणि उतरवायला मोजका वेळ दिलेला असतो, बहुधा दोन्ही मिळून ७२ तास. त्याला लेटाइम म्हणतात. वेळ ओलांडली की डेमरेज म्हणून जादा पैसे भरावे लागतात. त्यामुळे जहाज कधी थांबले, कशासाठी थांबले, हे तासामिनिटांनी लिहितात. आमच्या वाक्यामुळे वेळेचा तक्ता जुळेना, फोनवर फोन झाले, आणि कागद दुरुस्त करून पुन्हा सह्या घ्याव्या लागल्या. प्रोग्रॅममधले आकडे आम्ही दहादा तपासले होते. वाक्य एकदाही तपासले नव्हते. मनातल्या मनात मराठी करून पाहिले असते तर ‘भरायला’ आणि ‘भरायचे’ यांतला फरक घरातल्या आजींनीही सांगितला असता.

अशीच दुसरी जोडी ‘रिमेंबर’ची. ‘रिमेंबर टू सेंड’ म्हणजे पाठवायचे लक्षात ठेवा, काम अजून व्हायचे आहे. ‘रिमेंबर सेंडिंग’ म्हणजे पाठवल्याचे आठवते, काम झालेले आहे. मराठीत ‘पाठवायचे’ आणि ‘पाठवल्याचे’!

पण एक सावधगिरी. ‘इंग’ दिसले की डोळे मिटून ‘णे’ लावू नका. आपली मुले ‘आय लाइक स्विमिंग’चे मराठी ‘मला पोहणे आवडते’ असे करतात. चूक नाही, पण घरात आपण ‘मला पोहायला आवडते’ म्हणतो. दोन्ही भाषांचे आपापले वळण सांभाळायचे.

थोडी शब्दांची गंमतही पाहू. ‘बिल ऑफ लेडिंग’ हा माल जहाजावर घेतल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालावरचा हक्क दाखवणारा कागद. यातले ‘लेडिंग’ हेही लेड, म्हणजे माल लादणे, या जुन्या क्रियापदाचे धातुसाधित नामच. विम्यातले ‘अंडररायटिंग’ म्हणजे शब्दशः खाली लिहिणे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या लॉइड यांच्या कॉफीगृहात जमणाऱ्या व्यापाऱ्यांत जोखीम घेणारा कागदाच्या खाली आपले नाव लिहीत असे. ‘टॅरिफ’ आला अरबी ‘तअरीफ’वरून, म्हणजे माहिती देणे. आपली ‘तारीफ’ही त्याच शब्दाची! रिकाम्या बारदानाच्या वजनाला इंग्रजीत ‘टेअर’ म्हणतात, तोही मुळात अरबी, अर्थ वजा टाकलेले. हिशेब, दलाल, हमाल हे शब्द तर येथल्या बाजारात किंचित फरकाने ऐकू येतात.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून, म्हणजे मराठीतूनच, इंग्रजी शिकल्या. म्हणून त्या पालकांना आमचे उत्तर असे : येथे घालवलेला तास इंग्रजीच्या खात्यातही जमा होतो.

गृहपाठ : इंग्रजी करा. १) बिल पाठवल्याबद्दल आभारी आहोत. २) उद्या बिल पाठवायला विसरू नका. ३) बिल न पाठवता पैसे मागू नका.

कोठे ‘सेंडिंग’ येईल आणि कोठे ‘टू सेंड’, ते आधी मराठी रूप पाहून ठरवा. मग उत्तर पाहा : पहिल्यात ‘फॉर सेंडिंग’, दुसऱ्यात ‘टू सेंड’, तिसऱ्यात ‘विदाउट सेंडिंग’. तिन्ही बरोबर आली तर आई-बाबांना हीच वाक्ये घाला. त्यांचीही परीक्षा होऊ द्या!