चिकनचा साठा जप्त झाल्याची बातमी वाचली, आता काय करावे?

‘दूषित चिकनचा साठा जप्त’ अशी बातमी आली की दवाखान्यात हमखास प्रश्न येतो: "डॉक्टर, आम्ही परवा तिथूनच चिकन आणलं होतं. आता?"

आधी जप्तीचा अर्थ समजून घ्या. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 38 नुसार अन्न सुरक्षा अधिकारी संशयास्पद माल जप्त करू शकतात आणि नमुने घेऊ शकतात. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन करते. नमुन्याच्या अहवालासाठी कायद्यात 14 दिवसांची मुदत आहे. म्हणजे जप्तीच्या दिवशी असतो तो संशय. (बर्ड फ्लूमध्ये कोंबड्या नष्ट करतात ती कारवाई वेगळ्या कायद्याखाली होते.)

तुमचे पोट मात्र 14 दिवस थांबत नाही. साल्मोनेला जंतूंचा त्रास साधारण 6 तास ते 6 दिवसांत सुरू होतो, कॅम्पिलोबॅक्टरचा बहुधा 2 ते 5 दिवसांत. म्हणून अहवालाकडे नव्हे, लक्षणांकडे लक्ष ठेवा. काहीच त्रास नसेल तर औषधाची गरज नाही; ‘खबरदारी म्हणून’ अँटिबायोटिक तर नकोच. जुलाब, उलट्या, पोटात मुरडा, ताप यांपैकी काही सुरू झाले तर ओआरएस थोडे थोडे देत राहा. बहुतेक जण काही दिवसांत बरे होतात.

शौचातून रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणे, पाणीही पोटात न टिकणे किंवा 3 दिवसांहून अधिक जुलाब असतील तर लगेच डॉक्टरांकडे जा. तान्हे बाळ, गरोदर स्त्री, वयस्कर व्यक्ती, डायलिसिस किंवा केमोथेरपी सुरू असलेला रुग्ण यांच्या बाबतीत इतकीही वाट पाहू नका. ताप किंवा रक्त असताना मेडिकलमधून जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. काय, कधी आणि घरातल्या किती जणांनी खाल्ले, हे डॉक्टरांना सांगा.

"वास तर चांगला होता," असे अनेकजण म्हणतात. पण या जंतूंनी मांसाचा वास बदलेलच असे नाही. नीट शिजलेल्या रश्शापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती कच्चे चिकन कापलेल्या सुरीनेच चिरलेल्या कांद्याची. नळाखाली चिकन धुतानाही शिंतोडे आजूबाजूच्या भांड्यांवर उडतात. आपल्याकडे हे पटायला जड जाते, पण न धुतलेलेच बरे. आतपर्यंत 74 अंश सेल्सिअस तापमान गाठले की जंतू मरतात.

त्याच दुकानातले चिकन फ्रीजमध्ये उरले असेल तर पुन्हा उकळून खाऊ नका, कारण काही जंतूंचे विष उकळूनही जात नाही. बिल जपून ठेवा. कलम 40 नुसार ग्राहकालाही शुल्क भरून खरेदी केलेल्या पदार्थाची तपासणी करून घेता येते.