बाटली क्रमांक ५३

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना एका विचित्र तापाचे रोगी आढळले. त्यांच्या जांघेत व काखेत गाठी आल्या होत्या. तो प्लेग होता. पाहता पाहता शहर ओस पडू लागले. अशा वेळी वाल्देमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईस आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या एका अरुंद ओवरीत प्लेगवरील लस तयार करण्याच्या उद्योगास लागले. अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. पुढे हे काम परळ येथील जुन्या राजभवनात सुरू झाले आणि तेथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

अशीच एक बाटली पंजाबातील मुल्कोवाल या गावी पोहोचली. तिच्यावर ५३ हा क्रमांक होता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी त्या गावातील १०७ माणसांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना काही दिवसांतच धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. या १९ जणांना एकाच बाटलीतील, म्हणजे त्रेपन्न क्रमांकाच्या बाटलीतील, लस मिळाली होती. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांस काहीही अपाय झाला नाही.

साहजिकच सर्वांचे बोट परळकडे वळले. लस तयार करतानाच तीत दोष राहिला, असे चौकशी करणाऱ्यांनी ठरविले व हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. परंतु बाटली उघडण्याच्या वेळी काय घडले होते? साहाय्यकाच्या हातून बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, जंतुनाशक पाण्यात जेमतेम हलविला आणि त्याच चिमट्याने बूच काढले. चिमटा ज्योतीवर धरून तापविणे आवश्यक होते. तेवढे राहून गेले.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. प्रतिकूल काळी ते आपल्याभोवती एक कठीण कवच निर्माण करतात. या कवचबंद अवस्थेस बीजाणू म्हणतात. बीजाणू वर्षानुवर्षे धुळीत पडून राहतात. पाण्याने धुतले, औषधात क्षणभर बुडविले, तरी मरत नाहीत. इतकेच काय, उकळत्या पाण्यातही ते तग धरू शकतात. म्हणून आज रुग्णालयांत शस्त्रे व चिमटे ऑटोक्लेव्ह नावाच्या यंत्रात ठेवतात. तुमच्या घरच्या प्रेशर कुकरचा हा थोरला भाऊच म्हणाना! आत वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि उष्णतामान १०० अंशांवर न थांबता १२१ अंशांपर्यंत चढते. अशा वाफेत निदान पंधरा मिनिटे राहिल्यावर बीजाणूंचाही निःपात होतो.

हाफकिन यांच्या बाजूने पुरावा होता तो वासाचा. धनुर्वाताचे जंतू बाटलीत वाढले, तर दुर्गंधी सुटते. ती बाटली अनेक दिवसांपूर्वी भरलेली होती. तरी उघडताना तिला कसलाही वास आला नव्हता. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात हा सर्व प्रकार मांडला, आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षांचा तो कलंक त्या भल्या माणसाच्या वाट्यास उगाच आला, असेच म्हणावे लागते. १९२५ साली परळच्या त्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

चिमट्याची जी कथा, तीच हातांची. व्हिएन्ना येथील एका रुग्णालयात १८४७ च्या एप्रिल महिन्यात शंभर बाळंतिणींपैकी अठरा तापाने मरत होत्या. तेथील डॉक्टर शवांची चिरफाड करून थेट त्यांना तपासावयास येत. इग्नाझ सेमेलवाइस यांनी सर्वांस क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास भाग पाडले. जुलै महिन्यात हेच प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. हे कारण त्यांना सुचले कसे? त्यांचे मित्र डॉ. कोलेच्का यांना शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम झाली आणि त्याच तापाने ते वारले, त्यावरून.

कोलेच्का यांचे मरण आणखीही एक गोष्ट दाखविते. रुग्णालयात धोका केवळ रोग्याला नसतो, तेथे राबणाऱ्यालाही असतो. पनवेलनजीक करंजाडे येथील लहानसा दवाखाना घ्या किंवा मुंबईतील मोठे रुग्णालय घ्या. टोचून झालेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू नये, हा नियम सर्वत्र सारखाच आहे. कारण टोपण बसवितानाच परिचारिकेच्या बोटाला सुई लागते, आणि रोग्याच्या रक्तातील काविळीचे विषाणू तिच्या शरीरात शिरू शकतात. याकरिता या लोकांना हिपॅटायटिस-बी या काविळीची लस अगोदरच देतात.

वापरलेल्या सुया, २०१६ च्या नियमांप्रमाणे, भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावयाच्या असतात. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो, नळ्या व हातमोजे लाल पिशवीत. हे रंग डॉक्टरांपेक्षाही सफाई कामगाराच्या अधिक उपयोगी पडतात. कोणत्या पिशवीत काय आहे, हे त्याला पिशवी न उघडता कळते. मात्र एखादी सुई चुकून पिवळ्या पिशवीत गेली, तर ती पिशवी खांद्यावर टाकणाऱ्या माणसाला ते टोचल्यावरच समजते.